माझ्या अंगठ्याला फुटलेल्या मुळ्या

साठी ओलांडलेल्या बाईनं दुसऱ्याच्या बांधावरची बोरं तोडू नयेत, असं कुठं लिहिलेलं नाही. त्यामुळं मी तोडली. तेव्हा मी एकसष्ट-बासष्टची होते, म्हणजे तशी लहानच. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलावरून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आता आपल्याला कोण काय बोलणार, अशी एक मस्ती अंगात आली होती. आज सत्तरीला टेकले आहे. ती बाई आठवली की तिचा कान धरावासा वाटतो.

दिवस येळवशीचा होता. आमच्याकडं, म्हणजे सोलापूरच्या खाली अक्कलकोट-दुधनीच्या अंगाला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं घर शेतात जेवायला जातं. ज्वारी उभी असते, कडब्याची खोपी करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा होते, आणि मग ओल्या दाण्यांची-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील असं पोटभर जेवून माणसं उन्हात लवंडतात. माझं माहेर दुधनीजवळचं. शेत आता थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं. शेजारचा बांध चुलतभावाचा. त्याचं आणि आमचं तेव्हा बोलणं बंद होतं, म्हणून त्याची बोरं मला नेहमीपेक्षा गोड वाटत होती.

बोरीचा काटा सरळ नसतो, आकड्यासारखा असतो. आत जाताना सहज जातो, बाहेर येताना भांडतो. माझ्या उजव्या अंगठ्यात, नखाच्या कडेला गेला तो. मी ओटीतली बोरं न सांडता खोपीपर्यंत आले, याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता.

"दाव," अक्का म्हणाली. बघितलं, आणि पहिल्यांदा ओटीतलं एक बोर उचलून तोंडात टाकलं. "साठ वर्साची घोडी झालीस. पेन्शन खातीस. आन् बोरं चोरतीस."

"दुखतंय गं, अक्का."

"दुखंल की. दुखायसाठीच काटा आसतो."

बांगडीतली पिन काढून तिनं काटा उकरला. काळा तुकडा निघाला. तिनं तो नखावर घेऊन उन्हात धरला.

"ह्यो निम्माच हाय."

"आणि निम्मा?"

"आत आसंल. बिब्बा दिला की येतो वर."

बिब्बा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती काळी, चपटी बी असते. सुईला टोचून विस्तवावर धरली की तिच्यातून तेल सुटतं, आणि ते तेल कातडीला टेकवलं की माणूस आई-वडिलांच्या नावानं ओरडतो. धोबी त्यानंच कपड्यांवर खुणा करायचे, कारण त्याचा डाग जात नाही. आमच्या माहेरात टाचेची भेग, कुरूप, मोडलेला काटा, सगळ्याला बिब्बाच. मी ओरडायच्या आधीच अक्कानं माझं मनगट गुडघ्याखाली दाबलं होतं.

"सुम्न कुंद्रु, तंगी!" गप बस, धाकटे, असा त्याचा अर्थ. अक्काला राग आला की तिच्या तोंडातून कन्नड येतं, आणि माया आली तरी तेच येतं. त्यामुळं ती नक्की काय करते आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

सोलापूरला आल्यावर तिथं फोड आला, फुटला, खपली धरली. पंधरवड्यानं अक्का दवाखान्याच्या निमित्तानं आमच्याकडं आली, अंगठा बघून नाखूश झाली आणि गॅसवर आणखी एक चटका देऊन गेली. काटा वर आला नाही. काटा खाली काय करत होता, हे कळायला वर्ष जायचं होतं.

आता या वर्षातलं माझं वागणं. मला टापटिपीची भारी हौस. कचेरीत माझ्या टेबलावर एक कागद तिरका दिसला तर मी चहा टाकून उठायची. तीच मी अंगठ्यावर रोज नवी खपली धरलेली बघून कशी गप्प बसणार? अंघोळीला गेले की गरम पाण्यात अंगठा भिजवायचा आणि पायाची वजरी घेऊन घासायचा. खालून गुलाबी, ओली जागा निघायची. मग हळद-तेल. दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा जाड, खरखरीत काहीतरी. पुन्हा वजरी. मी घासते म्हणून ते वाढतंय, असं त्या बाईच्या एकदाही मनात आलं नाही. उलट, मी घासते म्हणून एवढ्यावर तरी आहे, असं ती शेजारणींना सांगायची.

पावसाळा संपेपर्यंत तिथं चामखिळीपेक्षा मोठं काहीतरी झालं. दसऱ्यापर्यंत फ्लॉवरचा लहानसा तुरा अंगठ्याला चिकटवावा तसं दिसायला लागलं. कडा वर आलेल्या, मधे भेग, कधीमधी रक्त.

आमचे हे म्हणाले, "कुणाला तरी दाखव."

"चामखीळ आहे."

"चामखिळीला रक्त येतं का?"

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

ते पेपर वाचायला लागले. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा पेपर वाचलेला बरा, हा शोध त्यांनी फार लवकर लावला होता.

शेवटी सून आडवी आली. ती शाळेत शिकवते, आवाज चढवत नाही. एका सकाळी मी परातीत पीठ घेतलं तर तिनं परातच उचलली. "आई, उद्यापासून भाकरी मी करते. तुम्ही त्या हातानं पिठाला शिवायचं नाही." मला हे फारच लागलं. तिची भाकरी तव्यात पडताना निम्मी तिच्या हातातच राहायची. पण आठवडाभर तसल्या भाकरी खाल्ल्यावर मी दवाखान्यात जायला तयार झाले. भाकरीपायी गेले, अंगठ्यापायी नाही.

जायच्या दिवशी मी अंगठा दुप्पट घासला. पाहुणे यायच्या आधी घर झाडतो, तसं. डॉक्टरांपुढं घाण जखम घेऊन कसं जायचं?

सर्जन तरुण होते, अदबीनं बोलणारे. त्यांनी हात उलटसुलट केला. "काकू, काही लागलं होतं का इथं?"

"नाही."

"काही औषध लावलं होतं का?"

"छे."

मी खोटं बोलले नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. लागणं म्हणजे विळीवर कापणं, दारात चेंगरणं. काटा काय, शेतात गेलं की मोडतोच. आणि औषध म्हणजे मेडिकलमधून आणतात ते. बिब्ब्याला आमच्यात कुणी औषध म्हणत नाही. बिब्ब्याला बिब्बाच म्हणतात.

"तुकडा काढून तपासायला पाठवू," ते म्हणाले.

सुई टोचून जागा बधिर केली होती, तरी मी हात मागं ओढला. "थोडंच घ्या हो डॉक्टर."

"जरा खोल घ्यावं लागेल."

"वरचं घ्या ना. वर आहे की भरपूर. एवढं दिसतंय ते घ्या."

भाजीवाल्याकडं मी मूठभर जास्त मागते. इथं मी कमी घ्या म्हणून हुज्जत घातली, आणि ती जिंकले. माझ्या आरडाओरड्यापुढं त्या बिचाऱ्यांनी वरून मसुराएवढा पातळ तुकडा घेतला. बाहेर येऊन मी ह्यांना म्हटलं, "बघितलं? बोललं की होतं."

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना आणि सुनेलाही आत बोलावलं. तिघांना खुर्च्या दिल्या म्हटल्यावर मला कळलंच. त्यांनी शांतपणे सांगितलं. कातडीचा कॅन्सर दिसतोय. या प्रकाराचा वेळेवर काढला तर जिवाला धोका फारसा नसतो. पण काढावा लागतो, पूर्ण काढावा लागतो, आणि ही जागा अशी आहे की अंगठ्याचं वरचं पेर ठेवता येणार नाही. हाडाजवळ गेलेला निघाला तर आणखी खालून.

"म्हणजे अंगठा जाणार," मी म्हटलं.

"बराचसा."

ह्यांनी घसा खाकरला. "डाव्या हातानं... शिकता येतं ना?"

"येतं काका. लोक शिकतात."

मी म्हटलं, "येळवस झाल्यावर कापा."

डॉक्टर सोलापुरातलेच, येळवस म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कॅलेंडर बघितलं. एवढ्यानं काही बिघडणार नाही म्हणाले, पण त्याच्यापुढं एक दिवससुद्धा नाही.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. जुन्या साडीच्या काठाची पट्टी काढली आणि उजवा अंगठा तळहाताशी आडवा बांधून टाकला. म्हटलं, बघू तरी कसं होतं. लसूण सोलता येईना. कुकरची शिट्टी उचलता येईना. ओलं फडकं पिळताना ते हातातून वळवळत निसटायचं. साडीच्या निऱ्या चार बोटांत धरल्या तर त्या खोवताना सुटायच्या. ब्लाउजचा हुक तर विचारूच नका. स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून, दातानं पेनाचं टोपण काढून चार बोटांत पेन धरलं आणि पेपरच्या कडेला स्वतःचं नाव लिहून बघितलं. जन्मभर आवक-जावक रजिस्टरात ज्या बाईचं अक्षर छापल्यासारखं म्हणून साहेब दाखवायचे, तिच्या नावावरनं मुंग्या चालत गेल्यासारखं दिसत होतं.

हे पाणी प्यायला आले. त्यांनी माझा बांधलेला हात बघितला, पेपर बघितला. पाणी न पिताच परसात गेले आणि बराच वेळ तिकडंच राहिले. त्या दिवसापासून ते शेंगा फोडायला बसायला लागले. मी न सांगता. शेंगाची चटणी आमच्याकडं रोज लागते, आणि शेंग फोडायला अंगठा लागतो.

ती बाई रडली का? रडली. पण मोरीत, नळ सोडून, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना कळलं, कारण त्या दिवशी आमच्याकडं पाणी सोडायचा दिवस नव्हता, आणि टाकी निम्मी झाली.

सून पुन्हा आडवी आली. "आई, मी डॉक्टरांना विचारून आले. अंगठा एकदा काढला की परत लावता येत नाही. दुसऱ्या एखाद्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचं का म्हटलं. ते स्वतःच म्हणाले, दाखवा. सगळं काढून देतो म्हणाले."

सगळं म्हणजे दोन काचपट्ट्या आणि एक ठोकळा. रिपोर्टसाठी जो तुकडा घेतात तो मेणाच्या लहानशा वडीत पुरून ठेवलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी तो ठोकळा चष्म्याच्या घरात ठेवला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. पांढऱ्या मेणात करडा ठिपका. मीच ती. रिक्षा खड्ड्यात गेली की माझा हात आपोआप त्याच्यावर जायचा.

ज्या बाईंकडं गेलो त्या माझ्याच वयाच्या, पांढरा बॉबकट, गळ्यात चष्म्याची साखळी. लहानशी खोली, टेबलावर मायक्रोस्कोप, आणि दारात चपलांचा ढीग. पॅथॉलॉजिस्टला माणूस दिसत नाही म्हणतात, तुकडेच दिसतात. या बाईंनी काचपट्टी घातली, बघितली, सरकवली, बघितली. मग मान वर न करताच विचारलं, "पेशंट कुठंय?"

"ही काय, मीच," मी म्हटलं.

"बरं झालं आलात. हात बघू." त्यांनी अंगठा धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. "हे कडेला काळं काय आहे?"

"ते बिब्ब्याचं."

"बिब्बा लावला होता?"

"व्हय. दोनदा."

"मग कागदावर लिहिलंय, काही औषध लावलेलं नाही."

"औषध नव्हतंच लावलं."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच. "कुठल्या तुम्ही?"

"दुधनीकडच्या."

"माझी आई वैरागची. टाचेला भेग पडली तरी बिब्बा. आणि बिब्बा कशासाठी लावला होता?"

"काटा मोडला होता."

"निघाला?"

"निम्मा."

"आणि हे इतकं ताजं कसं दिसतंय? सोललेलं?"

"मी घासते ना. रोज. वजरीनं." हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

सून माझ्या मागं उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला. बाई मात्र हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. मला राग आला. कॅन्सर झालेल्या बाईला कुणी हसतं का?

"या, इकडं बघा," म्हणाल्या, आणि मला मायक्रोस्कोपापुढं बसवलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम गुलाबी-जांभळं काहीतरी. ज्वारीचं ताट उपटलं की खाली मुळं लोंबतात, तशी वरच्या जाड थरातून खाली उतरलेली लांब लांब बोटं. आडवी, तिरकी, एकमेकांत घुसलेली.

"ही तुमची कातडी. कॅन्सर असाच मुळ्या सोडतो खाली. म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्यांचं काही चुकलं नाही, एवढं बघून मीही तेच लिहिलं असतं कदाचित. पण कातडीच्या बुडाशी काही सलत राहिलं, आणि वरून कुणी ती रोज भाजत-घासत राहिलं, तर बरी करायच्या नादात साधी कातडीसुद्धा अशीच मुळ्या सोडते. दिसायला थेट कॅन्सर."

"मग हा कॅन्सर नाही?"

"असं मी म्हटलेलं नाही. कॅन्सरच्या मुळ्या तुटून सुट्या होतात, आणि खाली खाली जातात. पेशीही बिघडलेल्या दिसतात. इथं पेशी मला तितक्या वाईट वाटत नाहीत. पण मुळ्या कुठपर्यंत गेल्यात ते दिसत नाही, तुकडा तिथंच संपलाय. वरचा पापुद्रा दाखवून भाकरी भाजली का विचारलंत, तर काय सांगू? इतका वरचा कसा काय घेतला?"

मी सुनेकडं बघितलं. सुनेनं खिडकीकडं बघितलं.

"मी... थोडंच घ्या म्हटलं होतं."

"आता थोडंच घ्या म्हणू नका. खालपर्यंत घ्यायला सांगते मी त्यांना. आणि वजरी बंद. अंगठ्याला तुमचा स्वतःचा हात लागता कामा नये."

बाहेर आल्यावर सुनेनं रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, ती वजरी कुठं ठेवता तुम्ही?"

"मोरीत. का गं?"

"काही नाही." ती वजरी मला नंतर कधीच दिसली नाही.

दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. येळवशीच्या आधी सर्जननी पुन्हा तुकडा घेतला, या वेळी कडेसकट, खालपर्यंत. मी तोंडात पदर घातला आणि हूं की चूं केलं नाही. उलट म्हटलं, "घ्या, किती पाहिजे ते घ्या." ते म्हणाले, "काकू, आता पुरे, हाड लागेल."

रिपोर्ट येळवशीनंतर यायचा होता. त्यामुळं तो सण मी अंगठ्याला पांढरा गोळा बांधून केला. अंगठा जाणार की राहणार, दोन्ही एकाच बँडेजात होतं. अक्काला फोनवर सगळं कळलेलं. मी शेतात उतरले तरी ती खोपीतनं बाहेर आली नाही. मी आत गेले तर पाठ करून उंडे वळत बसलेली.

"माज्या बिब्ब्यानं कॅन्सर हुतो व्हय?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"कोण म्हटलं असं?"

"समदा गाव म्हनतोय."

"गावाला काय कळतंय?"

"माज्या सासूला दिला, नंदंला दिला, रेड्याला दिला. कुनाला काय झालं न्हाय. तुलाच कसं हुतं?" आणि मग वळली. तिचे डोळे लाल होते. चुलीचा धूर होता, तेही खरं. "बस हितं. हात खराब करू नगंस."

पत्रावळ समोर ठेवून तिनं मला भरवलं. उंड्याचा तुकडा, त्यावर भज्जी, घास माझ्या तोंडात. मधेच आंबिलीचा पेला लावायची. सत्तरीची बहीण बासष्टीच्या बहिणीला भरवते आहे, हे बघायला बांधापलीकडं चुलतभाऊ येऊन उभा राहिला. वर्षभर न बोललेला माणूस म्हणाला, "बोरं पायजेत का? काढून देतो." मी नको म्हटलं. अक्का म्हणाली, "दे की, म्या खाते."

संध्याकाळी पूजेतली आंबील शिंपायला ती ज्वारीत गेली. रानभर शिंपत आली आणि त्या पाच दगडांपुढं थांबून बराच वेळ पुटपुटली.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"ह्या पोरीचा अंगठा ऱ्हाऊ दे म्हनलं. त्याच्या बदली जीभ नेली तरी चालंल."

"माझी?"

"मग काय माजी?"

रिपोर्ट न्यायला मी आणि सून गेलो. हे आले नाहीत, घरी शेंगा फोडायच्या आहेत म्हणाले. आदल्या दिवशीच्याच टोपलीभर फोडलेल्या पडल्या होत्या.

पॅथॉलॉजिस्टबाईंनी दारातच सांगितलं, बसा म्हणायच्या आधी. "कॅन्सर नाही."

सुनेनं माझा डावा हात घट्ट धरला. मी म्हटलं, "नक्की ना?"

"मुळ्या एका पातळीला येऊन थांबल्यात सगळ्या. एकही सुटून खाली गेलेली नाही. आणि त्यांच्या बुडाशी काय आहे ते बघा तुम्हीच."

मी पुन्हा डोळा लावला. गुलाबी-जांभळ्याच्या मधोमध तपकिरी, चौकोनी चौकोनी जाळी. मधाच्या पोळ्याचा तुकडा टाकावा तशी. भोवती मोठमोठ्या पेशींचा गराडा, बाजारात भांडण लागल्यावर माणसं जमतात तसा.

"काटा," त्या म्हणाल्या. "तुमचा निम्मा. बोरीचा का बाभळीचा ते मला ओळखता येत नाही, पण झाडाचा आहे. वर्षभर तुमची कातडी त्याच्याशी झगडत होती, वरून तुम्ही तिच्याशी."

मग त्यांनी त्या प्रकाराचं नाव सांगितलं: सुडोएपिथेलिओमॅटस हायपरप्लेजिया. मी दोनदा म्हणायला लावलं. आवक-जावक रजिस्टरात हे नोंदवायचं झालं असतं तर दोन ओळी गेल्या असत्या. कातडीची वाढ, कॅन्सरचं सोंग घेतलेली, एवढाच अर्थ. एवढ्या लबाडीला एवढं मोठं नाव द्यायची काय गरज होती, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाव मी ठेवलेलं नाही.

सोंग असलं तरी ते काढावं लागलंच. सर्जननी तुरा खरवडून काढला, काट्याचा उरलेला चुरा काढला, आणि जखम आपोआप भरायला ठेवली. वर्षभर अधूनमधून दाखवायला या म्हणाले, आणि मी गेले, एकदाही न चुकता, अंगठ्याला आधी पाणीसुद्धा न लावता. पेर राहिलं. नखाची एक कड वाकडी उगवते, शेंडा जरा बोथट आहे, थंडीत ठणकतो. भाकरी थापता येते. पण त्या मधल्या काळात सुनेची भाकरी सुधारली होती, आणि आता तिची जास्त पातळ होते, हे मी तिला सांगितलेलं नाही. इथं वाचेल तेव्हा वाचेल.

अक्काला फोन केला. काटा सापडला म्हणून सांगितलं.

"म्हनलं हुतं का न्हाई?" ती म्हणाली. "बिब्बा दिला की काटा गावतो."

"अक्का, तो डॉक्टरांना सापडला. कापून."

"गावला की न्हाई?"

"गावला."

"मग!" आणि ती रडायला लागली, कन्नडमध्ये.

पुढच्या दिवाळीनंतर मी हयातीचा दाखला द्यायला गेले. पेन्शनवाल्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सरकारला पटवून द्यावं लागतं. हल्ली त्यासाठी एका लहानशा यंत्रावर बोट टेकवायचं असतं. रांगेत सगळे आमच्याच वयाचे, कुणी काठी घेऊन, कुणी नातवाला घेऊन. माझ्यासोबत हे होते. माझी पाळी आली, मी उजवा अंगठा ऐटीत पुढं केला आणि टेकवला. लाल दिवा लागला.

"परत ठेवा, आजी," यंत्रापुढची मुलगी म्हणाली.

पुन्हा लाल.

"पुसून ठेवा."

पदरानं पुसून ठेवला. लाल. तिनं अंगठा उलटा करून बघितला. शेंड्यावर जिथं जखम भरली होती तिथली कातडी गुळगुळीत आहे, रेघा नाहीत. "रेघाच नाहीत हो याला. मशीन घेत नाही. दुसरं बोट ठेवा."

"हाच ठेवणार," मी म्हटलं.

"अहो आजी, कुठलंही चालतं."

"मला हाच चालतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आमी पन जित्तं हाव, आमाला पन नंबर लागू द्या."

हे माझ्या कानाशी आले. "अगं, दे ना दुसरं बोट. कशाला हट्ट?"

त्यांना कसं सांगणार? एवढं करून ठेवलेला अंगठा, आणि सरकारला तो नको. मी आणखी दोनदा दाबून बघितला. यंत्राच्या मते मी हयात नव्हते. शेवटी मुलीनंच माझी तर्जनी धरली आणि काचेवर ठेवली. हिरवा दिवा लागला, कागद बाहेर आला.

"पुढच्या वर्षी डायरेक्ट हेच ठेवा, आजी. वेळ जात नाही."

"दहाच्या दहा घेऊन येते," मी म्हटलं. "तू निवड."